पापलेटाची लांबी, विहारचा वाघ आणि मांजरांवरचं मतदान

रविवारी सकाळी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या मासळी बाजारात भावावरून जी घासाघीस चालते, तिच्यापुढे मंत्रालयातल्या बैठका फिक्या. पण पाटीतला तो मासा मुळात पकडायचा का, कधी, कुठे, कसल्या जाळ्यानं आणि केवढा झाल्यावर, यावरही वर्षानुवर्षं तशीच घासाघीस सुरू आहे. तिच्यात कोळी आहेत, ट्रॉलरवाले आहेत, पर्ससीनवाले, शास्त्रज्ञ, वनखातं आणि मंत्रीही आहेत. शिकार आणि मासेमारीचे नियम असेच ओढाताणीतून घडतात. त्यातल्या या काही मजेशीर गोष्टी.

पन्नासची नोट काढा

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेट १३५ मिलिमीटर, हलवा १७०, बोंबील १८०, बांगडा ११०, सुरमई ३७० आणि घोळ तब्बल ७०० मिलिमीटर.

आता बाजारात मोजपट्टी घेऊन कोण जातं? गरजही नाही. खिशातली नवी, निळसर पन्नासची नोट बाहेर काढा. तिची लांबी बरोबर १३५ मिलिमीटर आहे. म्हणजे पापलेट नोटेपेक्षा आखूड भरलं तर ते अजून ‘अल्पवयीन’ आहे. बांगड्याला दहाची नवी नोट चालते, ती १२३ मिलिमीटरची. तिच्याहून बोटाच्या रुंदीएवढा आखूड असला तरी बांगडा कायद्यात बसतो. बोंबलाला मात्र पाचशेची नोटही पुरत नाही, कारण ती १५० मिलिमीटरवरच संपते. रिझर्व्ह बँकेनं हे मासेखाऊंच्या सोयीसाठी केलेलं नाही, पण योग छान जुळलाय.

नियमामागचा हिशेब सरळ आहे. माशाला निदान एकदा तरी अंडी घालू द्या, मग त्याला तव्यावर घ्या. हे आकडे सुचवले केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनं. संस्थेचं मुख्यालय कोचीला असलं तरी तिचं मुंबईचं केंद्र अंधेरी पश्चिमेला वर्सोव्यात आहे, आणि तिथल्या रस्त्याचं नावच फिशरीज युनिव्हर्सिटी रोड. जवळच सात बंगल्याला १९६१ पासूनची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, आणि हाकेच्या अंतरावर वेसावे कोळीवाडा. माशाचा अभ्यास करणारे, मासा पकडणारे आणि मासा खाणारे असे शेजारी राहणारं दुसरं उपनगर शोधून दाखवा.

राज्यमासा कोणाचा मोठा?

त्याच सप्टेंबरात चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. ही मागणी वरून आली नव्हती. पालघरमधल्या सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी ती लावून धरली होती, कारण पापलेट हेच तिथलं मुख्य पीक आणि तेच घटत चाललेलं. शेकरू, हरियाल, राणी पाकोळी आणि पांढरी चिप्पी यांच्या पंक्तीला मग मासाही जाऊन बसला. या पंक्तीतला तव्यावर जाणारा मानकरी मात्र हा एकटाच.

दोन महिन्यांत, नोव्हेंबर २०२३ मध्ये, गुजरातनं घोळ हा आपला राज्यमासा जाहीर केला. दोघांचा सामना लावला तर वजनात घोळ जिंकणार आणि चवीत आपण कोणाला जिंकवणार ते सांगायला नको. घोळीचा पोटा, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, परदेशात सोन्याच्या भावानं जाते. २०२१ मध्ये पावसाळी बंदी उठल्यावर पालघरच्या मुरब्यातल्या एका बोटीला एका खेपेत १५७ घोळी लागल्या आणि त्या १ कोटी ३३ लाखांना गेल्याच्या बातम्या आल्या. बंदीचे दोन महिने घरी बसून वैतागलेल्या कुणालाही इतकं पटेल असं उत्तर सरकारी पत्रकात सापडणार नाही.

चंद्र विरुद्ध मंत्रालय

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद. बिनइंजिनाच्या पारंपरिक होडीला ही बंदी लागू नाही. पूर्व किनाऱ्याची बंदी वेगळी, १५ एप्रिल ते १४ जून. केरळ ट्रॉलरांना ५२ दिवस थांबवतं. मासे एकाच देशाचे, पण त्यांच्या सुट्ट्या राज्यागणिक वेगळ्या.

कोळीवाड्याचं कॅलेंडर त्याहून जुनं आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मगच शाकारलेल्या होड्या पाण्यात लोटायच्या. पण पौर्णिमा चंद्रावर चालते आणि शासन निर्णय इंग्रजी तारखेवर. २०२२ मध्ये नारळी पौर्णिमा ११ ऑगस्टला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ती थेट ३० ऑगस्टला गेली, म्हणजे सरकारी दार उघडून महिना लोटल्यावर. ज्यांनी नारळाची वाट पाहिली त्यांना महिनाभर दुसऱ्यांच्या बोटी भरून येताना बघाव्या लागल्या. म्हणूनच ‘बंदी १५ ऑगस्टपर्यंत न्या’ ही मागणी दरवर्षी पारंपरिक मच्छीमारांकडूनच होते. आपला धंदा आणखी पंधरा दिवस बंद ठेवा असं सरकारला स्वतः होऊन सांगणारे व्यावसायिक आणखी कुठल्या क्षेत्रात आहेत, हे मी बराच काळ शोधतोय.

सोमवार आणि गुरुवार

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, राज्याचा समुद्र. त्यापुढे केंद्राचा. पाण्यावर रेघ नाही, पण राज्यघटनेत आहे: मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत, तर प्रादेशिक सागरापलीकडची मासेमारी केंद्रसूचीत. वर्सोव्याहून निघालेली बोट दोन तासांत एका कायद्यातून दुसऱ्यात जाते आणि जाळ्यातल्या बांगड्याला त्याचा पत्ताही नसतो.

या रेघेवरून तमिळनाडूचं पर्ससीन प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं अंतरिम मुभा दिली: १२ मैलांपलीकडे पर्ससीन चालेल, पण फक्त सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आपल्याकडे सोमवार-गुरुवार हे मासे न खाण्याचे वार. तिकडे तेच पकडण्याचे ठरले.

पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याभोवती भिंतीसारखं जाळं फिरवून खालून दोरी आवळणं. अख्खा थवा एका फेऱ्यात आत. महाराष्ट्रात यावरून भांडण पेटलं ते पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारींमुळे. मग सरकारनं भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांची समिती नेमली. समितीनं बंदरोबंदरी लोकांचं ऐकलं, आकडेवारी पाहिली, आणि २०१२ मध्ये अहवाल दिला: ४९४ पर्ससीन परवाने आधी २६२ वर आणि शेवटी १८२ वर आणा. अहवाल चार वर्षं पडून राहिला. ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश निघाला. पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा आणि जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, किमान २५ मिलिमीटर. लोकांचं ऐकायला सरकारला वेळ लागतो असं म्हणतात. इथे ऐकायला कमी लागला, ऐकलेलं कागदावर आणायलाच जास्त.

आणि कायद्याला दात? तेही उशिरा आले. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्यात थेट २०२१ मध्ये, चाळीस वर्षांनी, मोठी दुरुस्ती झाली. रात्री समुद्रात एलईडीचा झगमगाट करून मासे गोळा करणाऱ्यांना आता ५ ते २० लाख दंड, बेकायदा पर्ससीनला १ ते ६ लाख. कारवाईचा अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आला. तहसीलदाराला सातबाऱ्यातून मान वर काढायला सवड नसते, त्यानं १२ मैलांवरचा दिवा कधी पाहावा! जानेवारी २०२५ पासून तर वरून ड्रोनही फिरतात.

मोरीला पाच महिने अभय

जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारनं एका फटक्यात सगळ्या मोऱ्या (म्हणजे मुशी, शार्क) आणि पाकटं वाघाच्या रांगेत बसवली. वन्यजीव कायद्याची अनुसूची १. म्हणजे कोळणीच्या पाटीतली मुशी कायद्याच्या भाषेत वाघाएवढी मोठी! किनाऱ्यावर हल्लकल्लोळ झाला. डोल, ट्रॉल, दालदी, कुठल्याही जाळ्यात मुशी येतेच. तिला बाहेर काढायचं तरी कसं आणि कोर्टात सांगायचं काय? मच्छीमारांच्या विरोधानंतर त्याच डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. व्हेल शार्क आणि करवत मासे त्यात राहिले, मालवणी मसाल्यातली मुशी सुटली.

पण नियम नुसता ढिला करणं हे काही लोकांचं ऐकणं नव्हे. खरी अक्कल महाराष्ट्रानं डिसेंबर २०१८ मध्ये दाखवली. संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला तर जाळं कापून त्याला सोडा, फोटो किंवा व्हिडिओ काढा आणि जाळ्याची भरपाई म्हणून २५ हजार रुपयांपर्यंत घ्या. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क सगळे त्यात आले. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खातं मिळून ही योजना चालवतात. पूर्वी कासव लागलं की कोळी गप्प बसायचा, बोललं तर गुन्हा. आता तोच मोबाइल काढून चित्रीकरण करतो. दंडाच्या धाकानं जे झालं नाही ते एका कॅमेऱ्यानं आणि चेकनं झालं. या विषयातला माझा सगळ्यात लाडका नियम हाच.

कासवांची गोष्ट निघालीच आहे तर: मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली, तीही वीसेक वर्षांनी. आणि भारतीय ट्रॉल जाळ्यांत कासवाला निसटायची खिडकी नव्हती, म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेनं आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं. मत कुणाचं चालतं, याचं उत्तर कधीकधी गिऱ्हाईक असं येतं.

विहारचा वाघ

१९२९ मध्ये विहार तलावाजवळ वाघ मारला गेल्याची नोंद आहे. आज त्या परिसरातून पवईला जायला रिक्षावाला नाही म्हणतो, पण वाघ गेल्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. त्या काळी वाघ मारणं गुन्हा नव्हता, मिरवण्याची बाब होती. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सुरुवातीचे कितीतरी सभासद शिकारीच होते. सालिम अली पक्ष्यांकडे वळले तेही लहानपणी एअरगननं टिपलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. ती कसली म्हणून विचारायला ते सोसायटीत गेले आणि तिथलेच झाले.

१९५१ मध्ये मुंबई राज्यानं वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला, त्यात शिकारीला परवाने होते. १९७२ च्या केंद्रीय कायद्यातही सुरुवातीला परवान्याची कलमं होती. ती पूर्ण गेली १९९१ च्या दुरुस्तीत. आज ‘शिकार’ या शब्दात कायदा काय काय बसवतो ते वाचून बघा: सापळा लावणं, विष घालणं, हुसकावत नेणं, इतकंच नव्हे तर रानपक्ष्याची अंडी फोडणं किंवा घरट्याला धक्का लावणंही. ठाकूर कॉम्प्लेक्समध्ये एसीच्या मागचं घरटं काढून फेकणाऱ्यांनी हे कलम एकदा डोळ्यांखालून घालावं. कावळा, उंदीर, घूस आणि फळं खाणारं वटवाघूळ मात्र ‘उपद्रवी’ यादीत होते. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीच काढून टाकली. ती दुरुस्ती आधी जयराम रमेश यांच्या संसदीय समितीपुढे गेली आणि समितीनं बाहेरच्यांची निवेदनं मागवली. म्हणजे कावळ्याच्या बाबतीतही सुनावणी झाली.

पलीकडे अमेरिकेत लोकांना विचारणं फार मनावर घेतात. विस्कॉन्सिन राज्यात दर एप्रिलमध्ये ७२ च्या ७२ काउंट्यांत शिकार आणि मासेमारीच्या नियमांवर लोकांचं मत घेतात, १९३० च्या दशकापासून. २००५ मध्ये प्रश्न आला: मोकाट भटकणाऱ्या मांजरांची शिकार करू द्यावी का? बाजूनं ६,८३० मतं, विरोधात ५,२०१. देशभर असा गदारोळ उठला की राज्यपालांनी ते पुढे जाऊच दिलं नाही. वेसावे बंदरावर हे मतदान घेतलं असतं तर बोक्यांचा विजय एकतर्फी होता.

फ्लेमिंगो आणि भांडुपचा कोळी

मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर यांच्या पूर्वेला ठाणे खाडी. ऑगस्ट २०१५ मध्ये तिचा १,६९० हेक्टरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला: ८९६ हेक्टर कांदळवन, ७९४ हेक्टर पाणी. मालवणनंतरचं राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. अभयारण्य म्हटलं की पहिली भीती खाडीतल्या मच्छीमारांना: आता होडी घालू देणार का? मालवणला १९८७ पासून हाच प्रश्न धुमसत होता. इथे वनखात्यानं पारंपरिक मासेमारी चालू राहील अशी ग्वाही दिली. २०२२ मध्ये खाडी रामसर स्थळ झाली. फ्लेमिंगो बघायला होडीतून जाणारे पर्यटक ज्यांच्या शेजारून जातात, ते जाळं टाकलेले कोळीच असतात.

राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला मात्र चित्र तितकं गोड नाही. संजय गांधी उद्यानाभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदा जानेवारी २०१६ मध्ये आला, हरकती मागवल्या, आणि ५ डिसेंबर २०१६ ला अंतिम अधिसूचना निघाली. क्षेत्र सुमारे ५९ चौरस किलोमीटर, रुंदी कुठे १०० मीटर, कुठे चार किलोमीटर. त्यातून आरेची १६५ हेक्टर वगळली, मेट्रो कारशेडसाठी. हरकती वाचल्या म्हणजे मानल्या असं नव्हे, हे तिथे कळलं.

पवईची कथा वेगळीच. १८९१ चा तलाव, बांधला पिण्याच्या पाण्यासाठी, पण पाणी काही पिण्यालायक निघालं नाही. मग तिथे गळवाले आले. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनची हौशी मंडळी तिथे तासन्‌तास फ्लोटकडे बघत बसत आली आहेत. त्याच तलावात मगरीही आहेत, अनुसूची १ मधल्या, आणि त्यांना मासेमारीसाठी सभासदत्व लागत नाही.

मसुदा वाचायचा कोणत्या भाषेत?

जून २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेच्या मसुद्याबाबत सांगितलं: आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत तो प्रसिद्ध करा. त्याआधी कोकणातल्या खलाशानं इंग्रजी किंवा हिंदी राजपत्र वाचून, समजून, साठ दिवसांत हरकत पाठवावी अशी अपेक्षा होती. जूनमध्ये बंदीमुळे तो घरी जाळी विणत बसलेला असतो, हा एक फायदा.

केंद्राच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याचं कलम २३ मात्र लहान आणि कामाचं आहे. जिथे कायदा ‘आधी मसुदा प्रसिद्ध करा’ म्हणतो, तिथे सरकारला तो छापावा लागतो, कोणत्या तारखेनंतर विचार होईल ते सांगावं लागतं आणि आलेली प्रत्येक हरकत व सूचना विचारात घ्यावी लागते. त्यासाठी कोळी असण्याची अट नाही, वकील असण्याचीही नाही. बोरिवलीच्या सोसायटीत बसून मासे खाणारा माणूसही चालतो. मासेमारीचा किंवा अभयारण्याचा पुढचा मसुदा राजपत्रात येईल तेव्हा त्यावरची शेवटची तारीख आधी बघा, आणि साध्या मराठीत, कलमाचा क्रमांक घालून, मुदतीच्या आत तुमची हरकत पाठवा.